चैत्यभूमी उभारणारे भैय्यासाहेब आंबेडकर

डिसेंबर उजाडला की जळगाव, भुसावळ, चाळीसगावच्या फलाटांवर पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे दिसू लागतात. नागपूरकडून येणाऱ्या गाड्या भरभरून येतात, दारात उभे राहायला जागा मिळाली तरी माणसे समाधान मानतात. धुळ्याची मंडळी चाळीसगावला येऊन गाडी धरतात, नाहीतर आग्रा रोडने ट्रक, टेम्पो, एस.टी. जे मिळेल त्याने निघतात. सगळ्यांना ६ डिसेंबरला दादर गाठायचे असते. यांत अशी कितीतरी कुटुंबे असतात, ज्यांनी अलीकडेच त्रिसरण-पंचशील घेऊन धम्मात प्रवेश केलेला आहे आणि जी चैत्यभूमीला पहिल्यांदाच चाललेली आहेत. अशा उपासक-उपासिकांना ती वास्तू कोणाची हे सांगावे लागत नाही. परंतु ती बांधली कोणी, असे विचारले तर दहातले आठजण सरकारने बांधली असेल असे उत्तर देतात. ते बरोबर नाही. म्हणून यशवंतराव ऊर्फ भैय्यासाहेब आंबेडकर यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

त्याआधी चैत्य या शब्दाविषयी दोन शब्द. खानदेशच्या माणसाला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. जळगावहून अजिंठा साठ किलोमीटरच्या आसपास आहे. तेथील नववे, दहावे, एकोणिसावे आणि सव्विसावे लेणे ही चैत्यगृहे आहेत. आत शिरल्यावर शेवटी अर्धगोल भाग आणि त्यात स्तूप, अशी त्यांची रचना. दहावे लेणे तर इसवी सनापूर्वीचे, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुने आहे. चाळीसगावच्या डोंगरापलीकडे पितळखोऱ्यातही तसेच जुने चैत्यगृह आहे. बुद्धाच्या किंवा पूजनीय माणसाच्या अस्थी जेथे ठेवल्या, तेथे स्तूप उभारण्याची रीत होती. चैत्य म्हणजे आदराने आठवण जपण्याची जागा. तेथे काही मागायचे नसते. दादरच्या वास्तूला चैत्यभूमी म्हणतात ते या अर्थाने. ज्या हातांनी अजिंठा कोरला त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. दादरचा चैत्य ज्याच्या खटपटीने उभा राहिला त्याचे नाव मात्र ठाऊक आहे, आणि तरीही ते आपण विसरत चाललो आहोत.

यशवंतरावांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा. परमपूज्य बाबासाहेब आणि माता रमाई यांचे हे पहिले अपत्य. मूल दोन महिन्यांचेही झाले नव्हते, तोच आजोबा सुभेदार रामजी २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब शिक्षणासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. तेथून लंडनला गेले आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये परत आले. म्हणजे बाप घरी परतला तेव्हा मुलगा पावणेपाच वर्षांचा होता. नंतर १९२० ते १९२३ बाबासाहेब पुन्हा लंडनला होते. मुलाच्या सातव्यापासून दहाव्या वर्षापर्यंतचा तो काळ. वडिलांच्या डिग्र्यांचे आपण कौतुक करतो, केलेच पाहिजे. पण त्या डिग्र्यांची किंमत परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत कोणी मोजली तेही पाहावे. रमाईने मोजली आणि या मुलाने मोजली.

रमाईला पाच मुले झाली. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. त्यांतला एक यशवंत तेवढा जगला. धाकटा राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला, तेव्हा यशवंत तेरा वर्षांचा होता, म्हणजे सगळे कळण्याच्या वयाचा. अशा घरात वाढलेल्या मुलाची प्रकृतीही नाजूकच राहिली. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून झाले आणि कुटुंब तेथे राहायला गेले, पण रमाईला ते सुख फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी तिचे निधन झाले. त्यानंतर पाचच महिन्यांनी, १३ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. आपल्या मनमाडच्या पुढचे हे येवले. त्या वर्षी यशवंतराव बावीस वर्षांचे होते. घरात आई नाही आणि वडील सगळ्या देशाचे झालेले, अशा स्थितीत त्यांच्या तरुणपणाची सुरुवात झाली.

मोठ्या माणसाच्या मुलाकडे लोक नेहमी तराजू घेऊन पाहतात. भैय्यासाहेबांना वडिलांसारख्या पदव्या नव्हत्या, ते बॅरिस्टर नव्हते, सभा गाजवणारे वक्ते म्हणूनही त्यांची ख्याती नव्हती. एवढ्यावरून काहीजण त्यांना कमी लेखतात. आम्हाला हा हिशेबच चुकीचा वाटतो. कोणी ज्ञान मिळवतो, कोणी ते छापून दारोदार पोहोचवतो. भैय्यासाहेबांनी छापखाना सांभाळला. १९३० साली सुरू झालेले ‘जनता’ हे पत्र ४ फेब्रुवारी १९५६ पासून ‘प्रबुद्ध भारत’ झाले. त्याचे काम बाबासाहेबांच्या पश्चात भैय्यासाहेबांनी संपादक म्हणून पाहिले. छापखाना म्हणजे खिळे जुळवणे, शाई, कागदाची उधारी, वर्गणी थकवणारे वाचक. त्यात नाव होत नाही, हात मात्र काळे होतात. खानदेशातल्या खेड्यांत ज्या काळी एखाद्याच घरात वाचता येणारा मुलगा असे आणि सगळा वाडा त्याच्याभोवती बसून पत्र ऐके, त्या काळी हा काळ्या हातांचा उद्योग किती मोलाचा होता हे निराळे सांगायला नको.

१९५३ च्या एप्रिलमध्ये त्यांचा मीराताईंशी विवाह झाला. प्रकाश, भीमराव, आनंदराज आणि रमा ही त्यांची अपत्ये.

आता त्या दिवसाकडे येऊ, ज्या दिवसामुळे आपण समुद्रकाठी जातो.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत, २६ अलीपूर रोडच्या बंगल्यात, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा दोन महिनेदेखील झाले नव्हते. पार्थिव देह विमानाने मुंबईला आणला गेला आणि रात्रीच राजगृहावर नेण्यात आला. दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबरला, गिरण्यांतले आणि कारखान्यांतले कामगार कामावर गेले नाहीत. राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत अंत्ययात्रा निघाली. लाखोंचा जमाव होता. मुंबईत तोपर्यंत एवढी मोठी अंत्ययात्रा क्वचितच कोणी पाहिली असेल. वाळूवर चिता रचली गेली, भिक्खूंनी बौद्ध पद्धतीने विधी केला आणि भैय्यासाहेबांनी अग्नी दिला. पाच दिवसांनी त्यांना चव्वेचाळीस वर्षे पुरी होणार होती.

त्याच जागी त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. नवदीक्षित कुटुंबांनी ती विशेष ध्यानात घ्यावी. त्या महिन्यात मुंबईत मोठा दीक्षा समारंभ करण्याचा बाबासाहेबांचा बेत होता. १६ डिसेंबर ही तारीखही ठरली होती. दीक्षा देणारा तर निघून गेला. मग काय करायचे? चितेच्या साक्षीने, तेथेच वाळूत उभे राहून, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखावर लोकांनी धम्मदीक्षा घेतली. समोर पेटलेली चिता, पलीकडे समुद्र, आणि लोकांच्या तोंडी त्रिसरण. शोक करायला आलेला माणूस बौद्ध होऊन घरी गेला. नागपूरची दीक्षाभूमी सर्वांना ठाऊक आहे. पण दादरचा तो वाळूचा पट्टाही त्या अर्थाने दीक्षाभूमीच आहे, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. तुमच्या घरातील कोणी १९५६ ला धम्म घेतला असेल, कोणी काल-परवा. वाळूतल्या त्या लोकांनी जे शब्द उच्चारले, तेच तुम्हीही उच्चारले आहेत.

अस्थींचे पुढे काय करायचे हा मुलापुढचा प्रश्न होता. बावीस प्रतिज्ञांनी श्राद्ध-पिंडदानाला नकार दिलेला होता. नाशिकला जाऊन रामकुंडात अस्थी सोडण्याची जी वाट आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती, ती बंद झाली होती. बुद्धाच्या अस्थींवर स्तूप उभारले गेले, हा जुना दाखला समोर होता. तरीही स्तूप उभा राहायला पंधरा वर्षे लागली. वाळूवर, समुद्राच्या तोंडाशी, दरवर्षी पावसाळ्यात लाटा आपटतात अशा जागी बांधायचे होते. पैसा नव्हता. समाज कोणता? गिरणीत बदली कामगार म्हणून उभा राहणारा, शेतावर रोजाने जाणारा, महारकीचे वतन सोडून मोकळ्या हाताने बसलेला.

याच वर्षांत भैय्यासाहेब महाराष्ट्र विधान परिषदेचे सभासद होते, १९६० ते १९६६. राजकारणात त्या काळी फाटाफूट सुरू झाली होती आणि तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, येथे त्यात शिरत नाही. बाबासाहेबांनी १९५५ साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेचे अध्यक्षपद त्यांच्यामागून भैय्यासाहेबांकडे आले आणि आमच्या मते त्यांचे खरे काम तेथेच दिसते. गावोगावी लोकांनी देव नदीत सोडले होते, पण लग्न कसे लावायचे, मयताला काय म्हणायचे, बारशाला काय करायचे हे सांगणारे कोणी नव्हते. जुने गेले आणि नवे हाती नाही, अशा अवस्थेत माणूस परत जुन्याकडे ओढला जातो. महासभेच्या माणसांनी ही पोकळी भरून काढली. आज तुमच्या घरचे मंगल कार्य बौद्ध पद्धतीने लावायला जो बौद्धाचार्य येतो, तो त्याच कामाचे फळ आहे.

चैत्याच्या निधीसाठी भैय्यासाहेबांनी बाबासाहेबांच्या जन्मगावाहून, महूहून, मुंबईपर्यंत भीमज्योत नेली. नकाशा काढून पाहा. महू आणि मुंबई ही दोन्ही गावे आग्रा रोडवर आहेत आणि हा रस्ता सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक असा जातो. जन्मभूमी आणि चैत्यभूमी यांच्यामध्ये आपला खानदेश आहे. ज्योतीच्या निमित्ताने लोकांनी आपापल्या ऐपतीने जे दिले, त्यातून पैसा उभा राहिला. राजाने स्तूप बांधल्याच्या कथा आपण अशोकाच्या वाचतो. येथे राजा नव्हता. मजुरी करणाऱ्यांच्या पैशाचा हा स्तूप आहे. म्हणूनच सरकारने बांधला असेल असे कोणी म्हटले की वाईट वाटते.

५ डिसेंबर १९७१ रोजी वास्तूचे उद्घाटन मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. मंत्री, राज्यपाल यांना बोलावता आले असते. फीत घरच्या सुनेने सोडली, हे आम्हाला योग्य वाटते.

वास्तू लहानच आहे. प्रथम जाणाऱ्याला वाटते, एवढीशीच? चौरस बांधणी, वर पांढरा घुमट, आत गोल भिंत, बाबासाहेबांचा अर्धपुतळा आणि बुद्धमूर्ती. स्त्रियांना आणि पुरुषांना आत जाण्याचे दरवाजे निराळे आहेत, तेव्हा रांगेत चुकामूक होऊ नये म्हणून बाहेर भेटण्याची जागा आधी ठरवून ठेवावी. बाहेरचे तोरण सांचीच्या उत्तरेकडील तोरणाप्रमाणे केलेले आहे. आवारात अशोकस्तंभाची प्रतिकृती आहे. ज्यांना मूळ तोरण पाहायचे असेल त्यांना भुसावळहून इटारसी-भोपाळच्या मार्गाने सांचीला जाता येते. एकदा मुलांना दोन्ही दाखवावीत.

वास्तू ओलांडली की चौपाटी. खानदेशातल्या पोरांनी तापी पाहिलेली असते, गिरणा, पांझरा पाहिलेली असते, समुद्र नसतो. आपली तापी सुरतेच्या खाली ज्या समुद्राला मिळते तोच हा समुद्र आहे, हे त्यांना सांगावे म्हणजे तो परका वाटणार नाही. मात्र नदी आणि समुद्र यांत फरक आहे. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ती अधिक मोठी असते. दादरचा किनारा मुळात अरुंद आहे, वाळू वर्षानुवर्षे वाहून गेलेली आहे. भरतीला पाणी थेट भिंतीपर्यंत येते. ओहोटीला जी मोकळी वाळू पाहून पोरे धावत सुटतात, ती काही तासांत पाण्याखाली जाते. म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना पाण्यात उतरवू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. काही मंडळी तेथे जाऊन समुद्रात डुबकी मारतात, बाटलीत पाणी भरून घेतात, कोणी मुलाच्या नोकरीसाठी मानता मानून येतो. सवय जुनी आहे, एका पिढीत सुटत नाही, म्हणून रागावून उपयोग नाही. पण ज्या माणसाने काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह केला आणि अखेर देवळाकडेच पाठ फिरवली, त्याच्या अस्थींपुढे नारळ फोडायचा हे कसे? फूल वाहावे, मेणबत्ती लावावी, त्रिसरण-पंचशील म्हणावे, झाले. आणि ती चौपाटी सगळ्या मुंबईची आहे. तेथे कोळी आहेत, फिरायला येणारे आहेत, शेजारी स्मशानभूमी आहे. जेवणाची पत्रावळ वाळूत टाकून आलो तर दुसऱ्या दिवशी बोट बाबासाहेबांच्या लेकरांकडेच दाखवले जाते.

स्मारकावर पैसा घालण्यापेक्षा शाळा काढावी, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांनी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर एक चक्कर मारावी. जेथे तेथे पुस्तकांची दुकाने. गाठोडे डोक्यावर आणि हातात पुस्तकांची पिशवी, अशी म्हातारी बाई तुम्हाला तेथे दिसेल. तिला स्वतःला वाचता येत नसले तरी नातवासाठी ती घेते. यात्रेहून माणसे बांगड्या आणि खेळणी आणतात, या ठिकाणाहून पुस्तके आणतात. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला आपण जमतो. १९३७ साली बाबासाहेब तेथे मुक्कामाला होते. तेथेही ही चाल अधिक वाढावी असे वाटते.

१९७१ नंतर भैय्यासाहेबांना अवघी सहा वर्षे मिळाली. १७ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय चौसष्ट. बाबासाहेबही पासष्टीतच गेले होते. दादरच्या रस्त्यांवरून पुन्हा एकदा लोकांचा लोंढा निघाला. त्यानंतर बौद्ध महासभेची धुरा मीराताईंनी उचलली.

त्यांनी मागे ठेवलेल्या गोष्टींपैकी सर्वच टिकल्या असे नाही. दादरच्या आंबेडकर भवनाची इमारत आणि तेथला बुद्धभूषण छापखाना २०१६ च्या जूनमध्ये एका रात्रीत पाडला गेला. ज्या जागेशी ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ यांच्या आठवणी जोडलेल्या, तीच ती जागा. चैत्यभूमीपासून जवळच इंदू मिलची जमीन आहे. ६ डिसेंबर २०११ ला भैय्यासाहेबांचे चिरंजीव आनंदराज यांच्या नेतृत्वाखाली कार्यकर्ते त्या बंद गिरणीत शिरले आणि स्मारकासाठी जमीन मागितली. ११ ऑक्टोबर २०१५ ला तेथे बाबासाहेबांच्या भव्य स्मारकाचे भूमिपूजन झाले. २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने चैत्यभूमीजवळ किनाऱ्यावर एक सज्जा बांधला आणि त्याला माता रमाईचे नाव दिले. पावसाचे पाणी समुद्रात सोडणारे पातमुख आहे, त्याच्यावरच तो उभारलेला आहे. गर्दी नसेल तेव्हा म्हाताऱ्या माणसांना बसून समुद्र पाहायला तो बरा आहे.

राहिला प्रश्न तारखेचा. ६ डिसेंबरला रांगेत कित्येक तास जातात आणि आत क्षणभरही उभे राहता येत नाही. ज्यांना शांतपणे पाहायचे असेल, मुलांना एकेक वस्तू दाखवून समजवायची असेल, त्यांनी १७ सप्टेंबरला जावे. त्या दिवशी खानदेशातून खास गाड्या सुटत नाहीत आणि रांगही नसते. मात्र निघण्यापूर्वी पंचांग पाहावे. २०२४ साली नेमकी त्याच तारखेला अनंत चतुर्दशी आली होती आणि दादर चौपाटीवर गणपती विसर्जनाची गर्दी होती. तसे नसेल तर रात्रीच्या गाडीने बसून सकाळी दादरला उतरावे. स्टेशनाच्या पश्चिमेला बाहेर पडले की शिवाजी पार्कमार्गे पायीच जाता येते, आणि दुपारच्या गाडीने परत निघता येते.